लांबत गेलेली पूजा

आमच्या घरात सकाळी बोलायचं नाही, हा नियम मी केला. अप्पांनी तो कधीच केला नव्हता. अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणायचं. अव्वा गेल्या आणि अप्पा सकाळी दार लावून पूजेला बसायला लागले. तेव्हा मी घरभर फिरून सगळ्यांना दटावलं, की अप्पांची पूजा होईपर्यंत कुणी आवाज काढला तर याद राखा. खरं म्हणजे या घरात सगळ्यात मोठा आवाज माझाच. माहेरी वाशीला मी अंगणातून हाक मारली की आठवडी बाजारातली माणसं वळून बघायची, असं माझा भाऊ अजून चिडवतो. पण त्या दिवसांत मीच आवाज गिळला. कुकर गॅसवर चढवायचा तो अप्पा बाहेर आल्यावर. मिक्सर नाही, टीव्ही नाही. माझी मुलगी चपला हातात घेऊन जिना उतरायची. नवरा फोन वाजला की तो छातीशी धरून गल्लीत पळायचा.

लोहाऱ्यात स्टँडच्या वळणावर आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानावरच घर. खाली जीपवाल्यांचा आरडाओरडा सकाळपासून चालू असतो, तो काही माझ्या हुकमातला नव्हता. पण घरातलं माणूस घरात गप्प राहिलं की बाहेरचा आवाज आवाज वाटत नाही. आपल्या हातून जेवढं होतं तेवढं आपण करतोय, याचं मला समाधान होतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात देव देव्हाऱ्यात कमी आणि गळ्यात जास्त. लहानपणीच स्वामी येतात आणि लिंग देतात, ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं. रोज अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, लिंग डबीतून काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, वर पाण्याचे थेंब, बेलाचं पान, आणि मग त्याच्याकडं बघत बसायचं. तेवढा वेळ आपण आणि ते, मधी कुणी नाही. पूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. ते जमिनीला टेकवायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी माझं स्वतःचं लिंग लग्नातल्या पेटीत साड्यांखाली पडून होतं. वाशीला आमच्या घरी हे सगळं सैल झालं होतं. सासरी आल्यावर अव्वांनी पहिल्याच आठवड्यात माझा मोकळा गळा बघितला आणि त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

पुढं आम्ही कशावरूनही भांडलो. भाजीत तेल किती, पडदे कोणत्या रंगाचे, पोरीला क्लास लावायचा का नाही. अव्वा कन्नडमधून सुरू करायच्या आणि मी मराठीतून उत्तर द्यायची. दोघींनाही दोन्ही समजत होतं. दुपारी जेवायला बसलो की मात्र एकमेकींना आग्रह. अशी भांडायला हक्काची बाई गेल्यावर घर कसं होतं, हे मी सांगत बसत नाही. सांगायला गेले की तेव्हाही मला मधेच उठून जावं लागायचं. त्यामुळं सकाळी कुणी बोलायचं नाही, हे माझ्याही सोयीचं होतं. अप्पांची पूजा म्हणून सगळे गप्प, आणि त्या आडोशाला मी पण गप्प.

अव्वा होत्या तोवर अप्पांची पूजा म्हणजे घाईचा मामला होता. चहा गार व्हायच्या आत उरकायची. अव्वा म्हणायच्या, "देवाकडं नुसती हजेरी लावून येतासा तुम्ही." अप्पा हसून जिना उतरायचे, कारण खाली गिऱ्हाईक थांबलेलं असायचं. भांड्यावर नाव घालण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन ते टिंबाटिंबांनी अक्षरं उमटवायचे. मशीन आलं, माझा नवरा मशीनवर नावं घालायला लागला, तरी जुनी गिऱ्हाइकं लेकीच्या रुखवताची परात घेऊन यायची आणि म्हणायची, नाव अप्पांच्याच हातचं पाहिजे.

अव्वा गेल्यावर अप्पा दुकानात बसायचे, पण गिऱ्हाइकानं दोनदा विचारल्याशिवाय त्यांना ऐकू जायचं नाही. रात्री झोप नाही. एकदा भर दुपारी त्यांनी अव्वांना हाक मारली, चहा टाक म्हणून, आणि मग स्वतःच वर येऊन चहा न पिता परत गेले. अशा माणसाला त्या पूजेनं उभं केलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हळूहळू ते सकाळी जास्त वेळ बसायला लागले. बाहेर यायचे तेव्हा चेहरा धुतल्यासारखा मोकळा असायचा. मी ताट वाढायची, ते पोटभर जेवायचे. एकदा आपणहून म्हणाले, "आत बसलं की छातीवरचं वझं उतरतंय बघ. ती गेल्याचं दुःख हाय, पर ते मग नीट बसून ऱ्हातंय, अंगावर येत न्हाय." मला त्या वेळी त्यांचा हेवा वाटला. माझं दुःख मला नीट बसवता येत नव्हतं.

पुढं पूजा लांबत गेली. आधी शाळेची घंटा व्हायच्या आत अप्पा बाहेर यायचे, मग घंटा होऊन गेल्यावर, मग ऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्यावर. मी कुकर तेवढा उशिरा लावायला लागले. पाहुण्यांमध्ये बोलबाला झाला. अप्पांची बहीण कर्नाटकातनं आली, ती दाराबाहेरूनच हात जोडून बसली आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माझा भाऊ लई मोठ्या वाटेला लागला." नवरा दुकानात गिऱ्हाइकांना मान ताठ करून सांगायचा, "अप्पा पूजेत हायत." शेजारच्या बायका मला म्हणायच्या, पुण्यवान घर गं तुझं. मी पण खोटं कशाला बोलू, सुखावत होते.

त्याच सुमारास अप्पांनी नावं घालणं सोडलं. एक बाई परात घेऊन आली, तर म्हणाले, "पोराकडं द्या. मशीनवर चांगलं येतंय." ती बाई हिरमुसली. आम्हाला वाटलं, त्यांचं मन आता यातून उठलंय. आणि जेवण कमी झालं. बाहेर आले की ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि पाणी प्यायचे. मी म्हणायची, "अप्पा, अजून अर्धी भाकरी." ते म्हणायचे, "बास, पोट भरलं." सदरा अंगावर लोंबायला लागला. उमरग्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, छाती तपासली, म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, माणूस एकटं पडलंय, मन रमवा. मन तर पूजेत रमलंय, असं मी डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं. अप्पा खुर्चीवर बसून दोन्ही हात उपरण्याखाली घेऊन ऐकत होते.

पूजेची खोली म्हणजे एरवी दुकानातल्या मालाची खोली. एका भिंतीला खोक्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला अप्पांचा पाट. एक दिवस सकाळी मी बाहेर भाजी निवडत बसले होते, तर आतून टक् असा आवाज आला. थोड्या वेळानं परत टक्. मग काहीतरी घरंगळल्यासारखं. मला वाटलं, खोक्यांत उंदीर शिरलाय. अप्पांच्या पूजेत उंदीर लुडबुडतोय, याचा मला भलताच राग आला. मी केरसुणी घेतली, दाराला आतून कडी नसायची, ते अलगद ढकललं आणि उंदीर मारायच्या तयारीनं आत शिरले.

अप्पा पाटावर बसले होते. पाण्याचा तांब्या भरलेला, मी दिलेली बेलाची पानं जशीच्या तशी. गळ्यातली डबी बंद. त्यांनी उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट गच्च धरलं होतं आणि डाव्या तळहातावर एक सुपारी होती. हात थरथरत होता. साधा थरथरत नव्हता, चालत्या मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता. माझ्यादेखत सुपारी घसरली आणि टक् करून फरशीवर पडली. अप्पांनी वाकून ती उचलली, परत तळहातावर ठेवली, आणि तेव्हा त्यांना मी दिसले.

"आत येऊ नको गं," ते म्हणाले. "पूजा चालूय."

माझ्या हातात केरसुणी, त्यांच्या हातात सुपारी. मी तिथंच खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं, एखाद्या चोरी पकडलेल्या माणसासारखं खाली बघत. हात कधीपासनं हलायला लागला ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. आधी भांडं धरताना हलला, तेव्हा नावं घालणं बंद केलं. मग एका सकाळी पूजेत लिंग तळहातावरून निसटलं आणि फरशीवर पडलं. त्याची बारीकशी कपची उडाली. "जन्मात कधी पडलं न्हवतं," ते म्हणाले. "तिच्या मौतीच्या दिवशीबी माझा हात हलला न्हवता." त्यांनी ते पुसून डबीत ठेवलं आणि परत बाहेर काढायची हिंमत झाली नाही. हात थांबल्याशिवाय काढायचं नाही, असं ठरवलं आणि सुपारीवर हात बसवायला लागले. रोज आत जायचं, दार लावायचं आणि सुपारी थांबते का बघायची. ती थांबेना, तशी पूजा लांबत गेली. शेवटी बेलाची पानं ओली करून ताम्हणात टाकायची आणि बाहेर यायचं, म्हणजे आम्हाला पूजा झाल्यासारखी दिसावी.

"आन् जेवण?" मी विचारलं.

"पूजा न्हाय, तर जेवायचं कसं? आन् न्हाय जेवलं तर तुमी इचारणार. म्हणून दोन घास."

ज्या माणसाला दुःख ठेवायला जगात एकच जागा सापडली होती, त्याला त्या जागेत जाता येत नव्हतं. आणि आम्ही त्याला रोज सकाळी तिथं नेऊन सोडत होतो, दार ओढून घेत होतो, आणि कुणी त्याला त्रास देऊ नये म्हणून पहारा करत होतो. मला हे बसल्या जागी कळलं आणि तरी तोंडातून एवढंच निघालं, "अप्पा, भूक लागली असंल."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्वामींना बोलावून आणलं. स्वामी म्हणजे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लिंग देणाऱ्यांतले, स्वभावानं गमत्या माणूस. त्यांनी डबी उघडायला लावली, कपची उडालेली जागा निरखली आणि म्हणाले, "एवढंच व्हय? मला वाटलं काय झालं. माणूस पडतंय, लागतंय, म्हणून काय टाकून देतासा?" अप्पांच्या हातावरच त्यांनी पाणी घातलं, मंत्र म्हटले, विभूती लावली. चहा उकळेपर्यंत सगळं झालं. अप्पा ज्याच्यासाठी अर्धपोटी झुरले, ते माझा चहा उकळेपर्यंत झालं. मी कप घेऊन दारात उभी होते आणि मला चहा ओतून द्यावासा वाटेना. कुणी आधी बोललं असतं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पण हात हलतच होता. अप्पांनी लिंग तळहातावर ठेवलं तसं ते सरकायला लागलं आणि त्यांनी घाबरून मूठ मिटली. मी कप खाली ठेवला, त्यांच्या शेजारी बसले आणि माझा हात त्यांच्या हाताखाली घातला.

"दुसऱ्याचा हात लागू न्हाय," अप्पा कळवळून म्हणाले.

"माझा हात तुमच्या हाताला लागलाय, त्याला कुठं लागलाय?"

अप्पांनी स्वामींकडं बघितलं. स्वामी म्हणाले, "सूनबाईचं बरोबर हाय. मूठ उघडा."

अप्पांनी मूठ उघडली. त्यांच्या हाताचं ते हलणं माझ्या तळहातात उतरलं, मनगटातून कोपरापर्यंत गेलं. मी दुसरा हातही खाली लावला, अप्पांनी उजव्या हातानं आपलं मनगट धरलं. थोड्या वेळानं ते पूर्ण थांबलं नाही, पण लिंग स्थिर राहील एवढं कमी झालं. अप्पा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळून सदऱ्यावर पडत होतं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडला, थोडा. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. ते भले म्हणून तसं म्हणाले, का खरंच सांगता येत नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी अप्पांच्या हाताखाली हात धरून बसायची. मी काही फार धार्मिक झाले नाही. पेटीतून माझं लिंग काढून गळ्यात घातलं, एवढंच. पण तिथं बसलं की माझंही चित्त जरा जागेवर यायचं. आणि पूजा झाल्यावर अप्पा बोलायचे. अव्वांबद्दल बोलायचे. लग्नात अव्वांना मराठी येत नव्हतं आणि त्या पहिलं वर्षभर अप्पांना नुसतं 'बरं' म्हणायच्या, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या बाळंतपणात त्यांनी आपली पाटली एका अडलेल्या बाईला दिली होती आणि हरवली म्हणून सांगितलं होतं, हेही तेव्हाच कळलं. मी पण माझी भांडणं सांगायची, अप्पा अव्वांची नक्कल करून दाखवायचे, आम्ही हसायचो. माझ्या मनात सारखं यायचं, हे सगळं बोलणं केव्हाचं साठून होतं आणि आम्ही त्याच्यावर दार लावून बसलो होतो. आम्हा दोघांना एकाच बाईची आठवण येत होती आणि एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही आवाज न करता ती काढत होतो.

ते दिवस फार मिळाले नाहीत. आजार पुढं सरकला. अप्पांची डाव्या हाताची बोटं आत वळायला लागली आणि गेल्या पावसाळ्यानंतर मूठ उघडेनाशीच झाली. स्वामी म्हणाले, आता लिंग गळ्यातच असू दे, मनातल्या मनात पूजा करा, चालतं. चालत असेल. अप्पांना ते जमत नाही, हे त्यांच्या तोंडाकडं बघून कळतं. आता ते दिवसभर खाटेवर असतात. जेवण मी भरवते. पुन्हा दोन-चार घासांवर आलंय.

परवा दुपारी कोमट तेल घेऊन मी त्यांची बोटं एकेक करून सरळ करायचा प्रयत्न करत होते. करंगळी जराशी उघडते आणि सोडली की परत मिटते. मला राहवलं नाही. इतके दिवस जे विचारायचं टाळलं होतं ते मी विचारलं. "अप्पा, पहिल्या दिवशीच का न्हाई सांगितलं? लिंग पडलं त्याच दिवशी?"

आता त्यांचं बोलणं पुटपुटल्यासारखं झालंय, कान जवळ न्यावा लागतो. ते म्हणाले, "सांगायला आलतो की. लई डाव आलतो. दार उघडलं की तुमी समदे गप. पोरगी चपला हातात घेऊन उभी. तुजा कुकर खाली उतरून ठिवलेला. घर सगळं माझ्यासाठी श्वास धरून बसलेलं. त्येवढ्या माणसांला काय सांगू, आत कायबी होत न्हाय म्हणून?"

तेलाची वाटी माझ्या हातातून कलंडली. मला रडू फुटलं, आणि सवयीनं मी पदर तोंडात कोंबला.

अप्पांनी उजव्या हातानं तो पदर ओढून काढला.

"रड," ते म्हणाले. "मोठ्यानं रड. आता कुणाची पूजा मोडत न्हाय."